मी आज नाहीये

गोदाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तिथं नव्हत्या. असं त्यांचंच म्हणणं होतं.

हिमायतनगरला आमच्या घरामागच्या गल्लीत मराठी मंडळाचं भांडीघर होतं. दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि अंगणात एक नळ. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. धाकट्या भावाची मुंज ठरली, म्हणून आईनं मला भांडी सांगायला पाठवलं. दारातच पाटावर एक नऊवारीतल्या बाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "मोठी पातेली इथंच मिळतात ना?" मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी आज नाहीये."

बाईंच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे असंच मला वाटलं. तेवढ्यात आतून एक गृहस्थ घामाघूम होऊन बाहेर आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्कांना नका विचारू. त्या आज नाहीत." इतक्या गंभीरपणे म्हणाले, की आता गडबड नक्की कुणाच्या डोक्यात आहे ते मला कळेना. मी पातेली सांगितली, त्यांनी शोधून काढली, मोजताना ते दोनदा चुकले, आणि त्या बाई हाताच्या अंतरावर बसून शेंगांच्या शिरा काढत राहिल्या. निघताना मात्र त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "वार कुठला देणार?"

तर हे वार प्रकरण आधी सांगायला हवं.

आम्ही हैदराबादची मराठी माणसं. कुणी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी दफ्तरात, कुणी शाळेत, कुणी कोर्टात. घरं शहरातली, बेताची. पण कार्य निघालं की पान उठायचं सगळ्या गोताचं. मोठी भांडी गावाकडच्या माळ्यावर पडलेली. ती परभणीहून आणायची कुणी आणि पोचवायची कुणी? गोदाक्कांनी घरोघर जाऊन एकेक भांडं मागून आणलं. कुणी परात दिली, कुणी गंगाळ, कुणी मोडीच्या भावानं विकायला काढलेलं तपेलं. आणि एक हंडा. हा हंडा एवढा मोठा होता की सायकल रिक्षावाला हमखास दोन पावलं मागं सरकून म्हणायचा, "अम्मा, ये हंडा है के हौद?" अक्का तयार असायच्या. "हौद समझ के बिठा, बाबा. गिराया तो तेरे कूच घासना पडेगा."

भांडी जमली तेव्हा मंडळातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी सुचवलं की भाडं ठेवा. अक्का म्हणाल्या, "भाडं दिलं की माणूस मोकळा होतो. मला मोकळी माणसं नकोत, अडकलेली हवीत." म्हणून भाडं नाही. जो भांडी नेईल त्यानं कार्य आटोपल्यावर एक वार द्यायचा. म्हणजे निदान काही महिने आठवड्यातल्या त्या वारी संध्याकाळी येऊन भांडीघर उघडायचं, भांडी द्यायची, आलेली तपासून घ्यायची, कुलूप लावून किल्ली दुसऱ्या दिवशीच्या माणसाकडे पोचती करायची. मग पुढचा कुणीतरी येई आणि तो वार त्याच्याकडे जाई.

ही कल्पना त्यांना वडिलांवरून सुचली होती. वडील लहानपणी वार लावून जेवलेले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसरीकडे, असं करत शिकले आणि मास्तर झाले. अक्का सांगायच्या, "सात घरांनी मिळून माझा बाप शिकवला. रोज एकाच घरी पान मांडलं असतं तर त्या बाईनं दुसऱ्या महिन्यात लाटणं दाखवलं असतं. आणि तिची तरी काय चूक!" ज्या संस्थेत एकच माणूस मर मर मरतो ती संस्था त्या माणसाबरोबरच जाते, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आपल्या बापाच्या जेवणावरून त्यांनी ते ओळखलं होतं.

मी बुधवार घेतला. त्या दिवसापासून अक्कांच्या लेखी माझं नाव संपलं. "बुधवार आली का गं?" "बुधवारला सांग, झाऱ्याचा दांडा हलतोय." त्यांचे यजमान नाना महसूल दफ्तरात मोठे कारकून होते. एकदा त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "आणि आम्ही कोणता वार?" अक्का म्हणाल्या, "तुम्ही रविवार. असून काही कामाचे नाही." नाना खूश झाले. ते तसे कशानंही खूश होणारे होते.

भांडीघरात खुर्ची नव्हती. बसायला पाटच. एका श्रीमंत सभासदानं छानशी वेताची खुर्ची पाठवली, ती अक्कांनी त्याच रिक्षातून परत केली. "खुर्ची ठेवली की उद्या तिच्यावर अध्यक्ष येऊन बसेल," म्हणाल्या. भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायचीही मनाई होती. आपल्याकडे पितळेचा पेला दिला तरी त्यावर आजोबांचं नाव कोरल्याशिवाय हात मोकळा होत नाही. पुष्कळ जण रुसले. अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं: "नाव घातलं की भांडं माहेरी जायची वाट बघत बसतं."

परत आलेलं भांडं तपासायची त्यांची एक रीत होती. नानांच्या जुन्या धोतराचा पांढरा फडका त्या आतून फिरवायच्या, मग बुडाखालून. फडका काळा झाला की भांडं नेणाऱ्याच्या हातात. "नळ तिकडे. राख तिकडे. चिंच हवी तर मागा." समोर कोण उभं आहे याच्याशी फडक्याला काही घेणंदेणं नव्हतं. एका बड्या अधिकाऱ्याच्या घरचं तपेलं शिपायाबरोबर आलं, ते तसंच परत गेलं. मग अधिकाऱ्याची बायको स्वतः आली, ती भांडायच्या तयारीनं. तिनं तपेलं घासलं, घासताना अक्कांशी चिंचेच्या जातींवर बोलली आणि जाताना गुरुवार घेऊन गेली.

पण या सगळ्याहून भारी होतं ते नसणं. महिन्यातून एखाद्या दिवशी, कधी ते आधी न सांगता, अक्का येऊन पाटावर बसायच्या आणि जाहीर करायच्या, "मी आज नाहीये." मग तुम्ही काहीही विचारा, उत्तर नाही. किल्ली हरवली, उत्तर नाही. दोन कार्यांना एकच परात सांगितली गेली, उत्तर नाही. भाजी निवडायची, चहा आला तर प्यायचा, बघत राहायचं. सोमवार होता जिंतूरकरांचा. हे खजिन्यात अधिकारी. मला पहिल्या दिवशी भेटलेले घामाघूम गृहस्थ तेच. माणूस प्रामाणिक, पण आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. अशाच एका नसण्याच्या सोमवारी त्यांनी मठ्ठ्यासाठी म्हणून एक पातेलं काढून दिलं. त्याची कल्हई पार गेलेली होती. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की काय होतं ते सांगायला नको. लग्नघरी आचाऱ्यानं पंगतीच्या आधी चव घेतली, तोंड वेडंवाकडं केलं आणि कळकलेला सगळा मठ्ठा मोरीत ओतला. मुलीचा बाप संध्याकाळी तावातावानं आला. जिंतूरकर लालबुंद झाले.

"अक्का, ते पातेलं मी दारातून नेत होतो तेव्हा तुम्ही पाहत होतात!"

"पाहत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी नव्हते ना!"

जिंतूरकरांनी पुढचा पंधरवडा अक्कांशी अबोला धरला. पण कल्हईवाला गल्लीत आला की सगळी भांडी उन्हात मांडून एकेकाच्या आत डोकं घालून बघायची सवय त्यांना लागली ती कायमची. खजिन्यातला साहेब पातेल्यात डोकं घालून बसलेला पाहायला पोरंसोरं जमायची.

आम्हाला हा अक्कांचा खेळ वाटायचा. खेळ कशासाठी होता ते राज्यांची पुनर्रचना आली तेव्हा कळलं.

राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि आमचं शहर आंध्रात. आपल्या भाषेच्या मुलखात जाणार म्हणून माणसांना आनंद झाला होता, आणि तो खरा होता. पण मराठी म्हणून ज्यांचे तबादले मराठवाड्यात निघाले त्यांचं घर म्हणावं तर हैदराबादच होतं. घरोघर ट्रंका निघाल्या. ज्या बायका आयुष्यभर "कायकू" आणि "नक्को" म्हणत भाजी घेत आल्या होत्या, त्या औरंगाबादेत आपली मराठी लोकांना चालेल का म्हणून काळजीत पडल्या. नाना दिवसभर दफ्तराची वाटणी करत. फायली, कपाटं, खुर्च्या. एकदा भिंतीवरचं घड्याळ एका राज्याला गेलं आणि त्याची चावी दुसऱ्याला. नाना ती हकीकत हसून हसून डोळे पुसत सांगायचे.

मंडळातली निम्म्याहून अधिक माणसं जाणार होती. भांडीघराचे वार ज्यांच्या जिवावर चालत त्यातले बहुतेक याच जाणाऱ्यांत. एका संध्याकाळी जिंतूरकर आणि आणखी चार-पाच घरची माणसं आली. जिंतूरकर म्हणाले, "अक्का, सरकारातसुद्धा वाटणी झाली. मग मंडळाची का नको? तिकडं आम्हीही मंडळ काढू. ज्यानं जे दिलं ते त्यानं न्यावं."

आता अक्का उसळणार असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. रविवारी सगळी भांडी अंगणात मांडते. ओळखा आणि उचला."

रविवारी अंगण पितळेनं भरून गेलं. कल्हई ताजी होती, सगळं एकसारखं लखलखत होतं, आणि नाव कशावरच नव्हतं. लोक वाकून वाकून बघू लागले. एक परात तिघांची निघाली. हंड्याजवळ जिंतूरकर जाऊन उभे राहिले. "हा आमचा. हा पोचा बघा, आमच्या सुमनच्या लग्नात आचाऱ्याच्या हातून पडला होता." लगेच दुसरे एक गृहस्थ पुढं आले. "पोच्याचं म्हणत असाल तर हा इकडचा आमच्या बाळूच्या मुंजीतला. रिक्षातून घसरला होता." "आणि कानापाशी वाकलाय तो?" तिसऱ्या एक बाई म्हणाल्या. "तो आमच्याकडचा. व्याह्यांनी पाय ठेवला त्याच्यावर. जाडजूड होते हो व्याही!" त्यावर कुणीतरी हसलं. मग त्या व्याह्यांची गोष्ट निघाली, त्यातून सुमनच्या लग्नातल्या बासुंदीची, आणि बघता बघता मंडळी फरशीवर मांड्या घालून बसली. हंड्याला पोचे पुष्कळ होते आणि प्रत्येक घराचा एक होता. मूळ हंडा कुणी दिला ते मात्र कुणालाच नक्की सांगता येईना. अक्कांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्या नव्हत्या.

दिवेलागणीला जिंतूरकर उठले आणि घसा साफ करून म्हणाले, "हंडा इथंच राहू द्या." ज्यांनी परात बगलेत मारली होती त्यांनी ती हळूच खाली ठेवली. तेव्हा कुठं अक्का हजर झाल्या. "हंडा राहील," त्या म्हणाल्या, "पण तुमचा सोमवार तुम्ही घेऊन चाललात त्याचं काय? भांडी न्यायचं सुचलं, वार कुणाला देऊन जायचं ते सुचलं नाही. गाडीत बसायच्या आधी आपापला वार कुणाला तरी शिकवून जा."

जिंतूरकरांनी आपला सोमवार एका बँकेतल्या पोराला शिकवला. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा ते त्याला कल्हई कशी बघायची ते दाखवत होते. पण सगळेच वार भरले गेले नाहीत. मंगळवार, शुक्रवार, शनिवार रिकामे पडले, आणि नानांचाही तबादला आज ना उद्या येणार हे सगळ्यांना दिसत होतं. अक्का गेल्या की भांडीघराला कुलूप लागणार असं लोक बोलून दाखवू लागले. अक्कांना ते जिव्हारी लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "बुधवार, मी गेल्यावर हे मोडलं ना, तर मी इतकी वर्षं केलं ते फुकट गं. म्हणजे मी मंडळ नव्हतं काढलं, नुसती मिरवत होते." त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

याच सुमाराला वाघमारे आले. सिकंदराबादला रेल्वेत तिकीट तपासनीस होते, राहायला अंबरपेठला. पांढरी पँट, काळा कोट, कोटाची सगळी बटणं लावलेली. दारात उभं राहूनच बोलायला लागले. "पाटीवर लिहिलंय मंडळ मराठी लोकांचं आहे. म्हणून आलो. बहिणीचं लग्न आहे. आम्ही आता बौद्ध झालोय. लग्न आमच्या नव्या रीतीनं होणार. आधीच सांगितलेलं बरं."

"पानं किती होतील?" अक्का म्हणाल्या.

वाघमारे दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाच्या तयारीनं आले असावेत. त्यांनी पानांचा अंदाज सांगितला. अक्कांनी पातेली, पराती, हंडा, झारे सगळं काढून दिलं. "वार कुठला देणार?"

"शनिवार जमेल मला. पण एक आहे अक्का. नुसती भांडी उचलायला ठेवणार असाल तर नको. तपासायला बसेन."

"मग काय नुसतं दारात उभं राहायचा विचार होता? तो फडका घ्या. इकडे या. आधी आतून, मग बुडाखालून."

ही बातमी हिमायतनगरात पसरायला संध्याकाळ पुरली. कुणी उघड भांडलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी उघड भांडत नाहीत. दोन घरांनी तब्येतीचं कारण सांगून वार सोडले. परांडेकर वकील, मंडळाच्या घटनेचा मसुदा ज्यांनी स्वतः लिहिला होता, ते नानांना रस्त्यात गाठून म्हणाले, "सोवळ्याच्या स्वयंपाकाला आता ही भांडी कशी चालायची, ते अक्कांना विचारा." खुद्द अक्कांच्या सासूबाईंनी मंडळाच्या पातेल्यातलं खायचं बंद केलं. मी विचारलं, "मग घरी कसं करता?" अक्का म्हणाल्या, "त्यांचं वेगळं शिजवते, वेगळं वाढते. म्हातारीला या वयात बदलणं माझ्या हातात नाही. भांडीघराची किल्ली मात्र आहे."

मग परांडेकरांच्याच मुलीचं लग्न निघालं. एवढ्या पानांची भांडी शहरात दुसरीकडे मिळेनात. वकीलसाहेबांनी मन घट्ट करून गुरुवारी भांडी नेली. भटजींनी काहीतरी शुद्धीचं करून दिलं म्हणतात. शनिवारी संध्याकाळी ते स्वतः ती परत करायला आले, बरोबर पुतण्या आणि हंडा लादलेली रिक्षा. मी शनिवारची नव्हते, पण काहीतरी घडणार या आशेनं मुद्दाम आले होते. अक्का पाटावर मेथी घेऊन बसल्या होत्या. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी आज नाहीये."

वाघमाऱ्यांनी एकेक भांडं घेतलं. पराती झाल्या, पातेली झाली. हंड्यात वाकून त्यांनी फडका फिरवला, मग हंडा आडवा करून बुडाखालून फिरवला आणि फडका उजेडात धरला. काळाकुट्ट.

"हंडा परत घासावा लागेल," ते म्हणाले.

वकील त्यांच्याकडे न बघता अक्कांकडे वळले. "अक्का, हे काय चाललंय?"

अक्का मेथी निवडत राहिल्या. "मी आज नाहीये, वकीलसाहेब."

"अहो, थट्टा पुरे. हे कोण आहेत मला सांगणारे?"

वाघमाऱ्यांनी फडका झटकून त्याची नीट घडी केली. आवाज चढवला नाही. रेल्वेच्या डब्यात रोज असे किती साहेब भेटत असतील त्यांना! "मी शनिवार," ते म्हणाले. "नळ तिकडे आहे."

पुतण्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. वकीलसाहेबांचा चेहरा असा झाला की मला त्यांची जवळजवळ कीव आली. ते फाटकातून निघून गेले, मागून पुतण्या, आणि हंडा अंगणात आडवा पडून राहिला. मी अक्कांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी त्या काहीतरी म्हणतील. त्या खाली मान घालून मेथीच खुडत होत्या.

बऱ्याच वेळानं फाटकाशी रिक्षा थांबली. वकीलसाहेबांच्या पत्नी उतरल्या, एकट्या. या बाईंचा आवाज मंडळात कुणी कधी ऐकला नव्हता. त्यांनी पदर खोचला, हंडा गडगडवत नळाशी नेला, राखेनं घासला, चिंचेनं घासला, पुन्हा राखेनं घासला. मी मदतीला पुढं झाले तर हातानंच नको म्हणाल्या. मग तो हंडा त्यांनी वाघमाऱ्यांच्या समोर आणून ठेवला. वाघमाऱ्यांनी फडका फिरवला. आतून, मग बुडाखालून. फडका उलटून पाहिला.

"पास," ते म्हणाले.

बाई चक्क हसल्या. "तुमचा मंगळवार रिकामा आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन. घरी मी बघून घेते."

त्या गेल्यावर अक्कांनी मोठा श्वास सोडला आणि त्या आहेत असं एकदाचं जाहीर झालं. "वाघमारे, घाबरला होतात का हो?"

"मी नाही अक्का. तुम्ही घाबरला होतात. काड्या बघा."

आम्ही सुपात पाहिलं. मेथीची पानं आणि काड्या सगळं एकत्र झालं होतं. अक्का इतक्या हसल्या की पाटावरून कलंडल्या. त्या रात्री नानांनी काड्यांची भाजी तक्रार न करता खाल्ली असणार.

नानांचा औरंगाबादचा हुकूम आला तेव्हा सगळे वार भरलेले होते. अंबरपेठच्या आणखी तीन घरांनी भांडी नेली होती आणि वार दिले होते. लोकांनी अक्कांच्या निरोपाचा समारंभ ठरवला: शाल, श्रीफळ आणि भांडीघरात लावायला एक मोठा फोटो. शाल त्यांनी घेतली, थंडीत उपयोगी पडेल म्हणाल्या. फोटो मात्र लावू दिला नाही. "भिंतीवर मला टांगलंत की मी कायमची असणार. मग न यायचं कसं मी?"

त्यांची गाडी नेमकी बुधवारी होती. मी म्हटलं, मी शाळेतून परस्पर सिकंदराबाद स्टेशनवर येते. त्यांनी डोळे वटारले. "आणि उघडणार कोण?" मी कुलूप उघडलं. त्या संध्याकाळी कुणी भांडी न्यायलाही आलं नाही, आणायलाही आलं नाही. रिकाम्या पाटाकडे बघत मी चांगली रडून घेतली. वाघमारे ड्यूटीवर होते, ते प्लॅटफॉर्मवर भेटले त्यांना. दुसऱ्या दिवशी मला सांगायला आले. "गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला विचारत होत्या, बुधवारनं उघडलं असेल का हो?"

त्यानंतर त्या फार वर्षं आल्या नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम येत नाहीत.

आल्या त्या आपल्या पुतण्याच्या लग्नाला. केस पांढरे, पाठीला थोडा बाक, बाकी सगळं तेच. मीही संसारात पडले होते, माझा बुधवार कधीच दुसऱ्या कुणाकडे गेला होता. माझ्यानंतर तो किती हातांतून फिरला ते मलाही माहीत नव्हतं. वाघमारे निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "हंडा मी परत करते. तू चल बरोबर." मांडवात त्यांनी तो स्वतः घासला होता, बाकीच्या बायका नको नको म्हणत असताना.

भांडीघर तेच होतं. भिंतींना रंग नवा होता. खुर्ची अजूनही नव्हती, ते अक्कांनी आधी पाहिलं. पाटावर एक मुलगी बसली होती, कॉलेजातली असावी, दोन वेण्या, मांडीवर इंग्रजी पुस्तक. तिनं हंडा ओढून घेतला, आतून फडका फिरवला, मग हंडा कलता केला आणि बुडाखालून फिरवला. फडका आमच्यासमोर धरला. कडेला एक काळी रेघ उमटली होती. अक्कांची नजर आता अधू झाली होती.

"अय्यो आजी, हे बघा ना," मुलगी म्हणाली. "बुडाला राहिलंय. असं नाही चालत इथं. परत घासावं लागते, हौ. नळ तिकडे आहे. चिंच देऊ का थोडी?"

माझ्या तोंडातून शब्द बाहेर येणारच होते. अगं, तुला माहीत आहे का या कोण आहेत? अक्कांनी माझा दंड असा दाबला की अजून आठवतो. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या घरचा ते ओळखणाऱ्या पिढीतल्या त्या, सवयीनं विचारून गेल्या, "कुणाची गं तू?"

मुलीला प्रश्न नीट कळला नसावा. पुस्तकात बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "मी? मी शनिवारची."

अक्कांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि तो पाहायला मिळाला म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते. त्यांनी पदर खोचला. मुलीच्या हातातून चिंच घेतली आणि हंडा गडगडवत नळाकडे निघाल्या. मी मागून धावले. "अक्का, द्या इकडे, मी घासते. निदान तिला सांगू तरी द्या."

"काय सांगणार?" त्या नळाखाली उकिडव्या बसत म्हणाल्या. "मी आज नाहीये."

आणि त्या हंडा घासायला लागल्या.